थरथरत्या बोटाचा पडदा

बसा निवांत, सांगते. दचकू नका, या गोष्टीत कोणी मरत नाही.

मी मलिहा, राहणार मलकापूर. मोबाइलची अॅप बनवणं हे माझं काम. बीटी बियाणं पेरूनही गुलाबी बोंडअळी बोंडात शिरायला लागली, त्या वर्षी मी आणि माझा कामातला जोडीदार चिन्मय, आम्ही कपाशीवाल्यांसाठी एक अॅप तयार केलं. माणूस कुठं आहे, काय करतोय, हे ओळखून फोनचा पडदा आपोआप बदलायचा. उन्हात अक्षरं ठळक व्हायची. चालताना मजकूर जायचा आणि अळीचे पतंग पकडणाऱ्या पुढच्या सापळ्याकडे नेणारा नुसता बाण उरायचा. हात कामात असले की अॅप बोलायचं. तो आवाज माझाच भरलेला. आणि बोट थरथरत एकाच जागी दाबून राहिलं, की म्हातारं माणूस समजून अक्षरं ही एवढाली व्हायची.

ते वापरून बघायला आम्ही दुपारी रोहिणखेडजवळ अन्नपूर्णाबाईंच्या शेतात गेलो. कपाशी छातीच्या वर वाढलेली. बाई कंबरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या. त्यांचे मालक निवृत्तीभाऊ पलीकडच्या तुकड्यात फवारत होते.

"या फोनले मी दिसते का वं पोरी?" बाईंनी विचारलं.

"दिसत नाही काकू. तुम्ही कुठं आहात, काय करताय, तेवढं कळतं त्याला."

"मंग माह्या मालकापेक्षा बरा हाय. त्याले थेबी कळत नाही!"

चिन्मय हसत बांधावर बसला. मी फोन घेऊन बाणाच्या मागं निघाले.

ओळींमधून आत गेले तसं त्यांचं हसणं मागं पडलं. वारा पडला. औषधाचा उग्र वास नाकात बसला. पलीकडून येणारी पंपाची खटखट बंद झाली होती, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

फोनवरची अक्षरं मोठी झाली. माझं बोट काचेवर नव्हतं.

"चिन्मय, म्हाताऱ्यांचा पडदा उघडलाय!"

"बोट लागलं असेल तुझं," तो लांबून ओरडला.

मी फोन तळहातावर सपाट धरला. वरून कोणी अंगठा दाबावा तसा तो हातात जरा खाली जायचा... परत वर यायचा... परत खाली. बाण हळूहळू वळला आणि पलीकडच्या तुकड्याकडे थांबला. तिकडे आम्ही एकही सापळा लावलेला नव्हता.

मग फोन बोलला. आवाज माझा नव्हता. धाप लागलेल्या म्हाताऱ्या बाईचा होता.

"लेकरू पडलं माहं... चाल ना वं पोरी..."

त्या आवाजात भेवडावणं नव्हतं, नुसती काकुळती होती. मी धावत सुटले.

निवृत्तीभाऊ झाडांच्या मधोमध पालथे पडले होते. पाठीवर पंप तसाच, सदरा औषधानं चिंब, तोंडाला फेस. बांधावरून पाहिलं असतं तर दिसलेही नसते. माझ्या हाका ऐकून दोघं पळत आले. आम्ही त्यांना बाहेर ओढलं, सदरा काढला, अंग साबणानं धुतलं, औषधाची बाटली सोबत घेतली आणि चिन्मयच्या गाडीतून मलकापूरचा दवाखाना गाठला. वाटेत मी बाईंना फोनवरच्या आवाजाचं सांगितलं.

"सासूबाई... रुक्मिणीबाई. मागच्या साली गेल्या. एवढ्या बाप्यामानसाले लेकरू त्याच म्हनत."

दिवेलागणीला निवृत्तीभाऊ शुद्धीवर आले आणि पहिलं काय विचारावं? "पंप कुठी हाय?"

"अंगात जीव आला नाही अन् पंप पाह्यजे याले!" अन्नपूर्णाबाई रडता रडता हसायला लागल्या. डॉक्टरही हसले. धोका टळला होता. चिन्मयनं सगळ्यांसाठी चहा आणला.

"माय आलती," निवृत्तीभाऊ हळूच म्हणाले. "उशाशी बसली. हातात काच होती. म्हने, माहं बोट चालत नाही बे याच्यावर. मंग शेजारच्या बाईनं तिचा अंगठा धरून दाबला."

"कोण बाई?" मी विचारलं.

"चष्मेवाली. डोक्यावर ओढनी. लय बोलकी. म्हने, 'जोरानं दाबा अम्मा, आमच्या मिन्नूले बारीक दिसत नाही.'"

चिन्मय खदखदून हसला. मी चहा खाली ठेवला. मला बारीक खरंच दिसत नाही, आणि मला मिन्नू म्हणणारी दुनियेत एकच बाई आहे, माझी चष्मेवाली मावशी, आसमाखाला. चिन्मयलाही ते नाव ठाऊक नाही. आणि खाला चांगली धडधाकट, आमच्याच घरात राहते.

मी बाहेर जाऊन घरी फोन लावला. तिनं लगेच उचलला.

"बोल मिन्नू, जेवलीस का?"

माझा जीव भांड्यात पडला. "खाला, दुपारी काय करत होतीस?"

"काय करणार? जेवून आडवी झाले. अशी गाढ झोप लागली म्हणून सांगू!" ती हसली. मग थोडं थांबून म्हणाली, "पण बेटा, उठल्यापासून हाताला कसला तरी वास येतोय. शेतात फवारतात ना, तसल्या औषधाचा. साबण लावला, लिंबू चोळलं... जातच नाही."