किड्स क्लबमधली हाक

रिताला एक सवय होती आणि त्या सवयीपायी तिच्या पोरीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कुठूनही घरी निघताना, मग ते शेत असो, जत्रा असो की नागपूरचा मॉल, रिता मोठ्यानं म्हणायची, "गुड्डी, चाल घरी." आणि पोरीनं "आली" म्हटल्याशिवाय पाऊल उचलायची नाही. रिताचं माहेर कोंढ्याचं. तिकडे धानाच्या बांधीतून किंवा नदीवरून परतताना साऱ्या आया अशीच घरच्या नावानं हाक मारायच्या. हाक नाही मारली त पोट्टं सारंच्या सारं घरी येत नाही, असं तिची आई म्हणायची. याहून जास्त तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही.

पण गुड्डी आता अकरा वर्षांची झाली होती. शाळेतलं नाव ओजस्विनी. तिच्या वर्गातल्या कुणालाही गुड्डी हे नाव ठाऊक नव्हतं आणि ते तसंच राहावं म्हणून ती जिवाचा आटापिटा करायची. गेल्या दिवाळीपर्यंत आईच्या कुशीत झोपणारी पोर आता खोलीचं दार लावून घ्यायची, विचारलेल्याला अर्ध्या शब्दात उत्तर द्यायची. रिता दाराबाहेर चहाचा कप घेऊन उभी राहायची आणि मग तो कप स्वतःच पिऊन टाकायची. तुमसरच्या घरात माणसं तीनच, आणि त्यातलं एक हातातून सुटत चाललं होतं.

म्हणून राजकुमारनं जेव्हा क्रूझचं काढलं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली. राजकुमारचा धानाचा व्यापार. बाजारात कुणीतरी त्याच्या मोबाइलवर जाहिरात पाठवली होती: वैनगंगेच्या धरणाच्या पाण्यावर दोन दिवसांची क्रूझ, जेवण, संगीत आणि मुलांसाठी किड्स क्लब. "लोकं मुंबईहून गोव्याले जातात. आपली क्रूझ घराजवळच हाय," तो म्हणाला. दोन मजली बोटीला क्रूझ म्हणायला त्याची जीभ जराही अडखळली नाही. रिताच्या मनात वेगळाच हिशेब होता. पाण्याच्या मधोमध पोरगी जाऊन जाऊन जाईल कुठं? दोन दिवस तरी आपल्याजवळ राहील.

गुड्डीनं मात्र जाहिरात वाचून नाक मुरडलं. "किड्स क्लब? मी काय लहान पोट्टी हाय का? अन तिथं नेटवर्क त राहणारच नाही." मग आईकडे वळून ती हळूच म्हणाली, "अन मम्मी, तिथं लोकांसमोर ते गुड्डी-गुड्डी करू नको. ओजस्विनी म्हन."

"बरं बाई," रिता म्हणाली. एवढ्यावर पोरगी येत असेल तर सौदा स्वस्तच होता.

नाताळच्या सुट्ट्या होत्या. सकाळच्या थंडीत बोट धक्क्यावरून सुटली. वरच्या डेकवर खुर्च्या, पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, टेबलांवर तर्री-पोहे आणि स्पीकरवर जुनी हिंदी गाणी. माणसं बरीचशी भंडाऱ्या-नागपूरकडची, स्वेटर घालून सेल्फी काढणारी. पाणी हिरवट आणि सपाट होतं. जागोजागी बुडालेल्या झाडांचे काळे शेंडे वर आलेले होते आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसले होते.

किड्स क्लब खालच्या डेकवर, अगदी मागे. काचेचं सरकतं दार, भिंतींवर रंगवलेले हसरे मासे, जमिनीवर मऊ गाद्या, एक कॅरम आणि खूप खाली, पाण्याला टेकलेली एक लांबट खिडकी. तिथलं काम प्रेरणाकडे होतं. विशीतली, पिवळा टी-शर्ट घातलेली, जवळच्याच मासेमारी करणाऱ्या घरातली पोर. बोटीवर लहान मुलं मोजकीच होती आणि तीही बोट हलायला लागल्यावर उलट्या करत आयांच्या मांडीवर गेली. गुड्डी तेवढी तोंड फुगवून आत जाऊन बसली, तेही आईबापासोबत फोटोत उभं राहावं लागू नये म्हणून.

थोड्या वेळानं रिता तिला बिस्किटं द्यायला खाली उतरली. जिन्यावरच तिला आतून हसण्याचा आवाज आला. चांगली सात-आठ मुलं एकदम हसावीत असा तो आवाज होता आणि त्यात गुड्डीचं हसणं होतं. ते हसू रितानं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. तिनं दार सरकवलं.

आत गुड्डी एकटीच मांडी घालून बसली होती. तिच्यासमोर गादीवर चिंचोके मांडलेले होते.

"कोन होतं व आत्ता?"

"आम्ही खेळून राहिलो मम्मी. तू जाय ना."

रितानं दार लावलं. बाहेर प्रेरणा पाण्याच्या बाटल्या खोक्यात भरत होती. चिंचोके तू दिलेस का, म्हणून रितानं तिला विचारलं. प्रेरणानं नाही म्हटलं आणि ती पुन्हा बाटल्या भरायला लागली.

जेवताना मात्र गुड्डी कधी नव्हे ती बोलत सुटली. चिंधू फार रडी खेळतो. मंदा सगळ्यांत हुशार आहे, तिला सगळे डाव येतात. बाबुलालला तैरता येतं, तो खिडकीतून येतो. राजकुमार हसला. "असली नावं आता कोन ठेवते? नाटकातले पोट्टे दिसतात." त्याला वाटलं, किड्स क्लबवाल्यांनी काहीतरी नाटुकलं बसवलं असेल. "पैसे वसूल," तो रिताला म्हणाला. रिताचं लक्ष गुड्डीच्या पायांकडे होतं. पायांना काळा, ओला गाळ लागला होता. धानाच्या बांधीत असतो तसाच. बोटीवर तो आला कुठून, हे विचारेपर्यंत पोरगी जिना उतरून गेलीसुद्धा.

दुपारी बोट एका ठिकाणी थांबली. माईकवरचा माणूस सांगू लागला की आपल्या खाली एक गाव आहे. देऊळ, शाळा, शाळेमागची तळ्यासारखी बोडी, सगळं जसंच्या तसं. धरण भरलं तेव्हा गाव उठवलं. सगळे लोक नव्या जागी गेले आणि कुणालाही काहीही झालं नाही, हे त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. लोकांनी पाण्याचे फोटो काढले. पाण्यात काहीच दिसत नव्हतं. कठड्याशी उभ्या असलेल्या प्रेरणाकडे पाहून रितानं सहज म्हणावं तसं विचारलं, "तुया गावात चिंधू नावाचं कोनी होतं का?"

प्रेरणाचा चेहरा उतरला. "तुमाले कोनं सांगतलं? चिंधू माया भाऊ होय."

"कुठं राहते?"

"नागपुरात. ऑटो चालवते. बायको हाय, पोरगी हाय." ती पाण्याकडे पाहत राहिली. "हेच आमचं गाव. निघालो तवा तो दहा-अकरा वर्सांचा होता. पानी चढून राहिलं होतं, लय घाई झाली, हाक माराले कोनाले सवड होती? चांगला हाय तो, काकू. कोनाशी भांडत नाही, दारू पेत नाही. फक्त हसत नाही. मी तवा कडेवर होती, मी त त्याले हसताना कधी पाह्यलंच नाही." मग ती आणखी हळू म्हणाली, "मी त्या खोलीत बसत नाही. म्यानेजरले सांगतलं त तो म्हने, नोकरी सोड."

रिता धावतच खाली गेली. गुड्डीला तिनं हाताला धरून वर आणलं, राजकुमारजवळ बसवलं आणि बोट परत फिरवायला सांगा म्हणून त्याच्या मागे लागली. राजकुमारनं तिला वेड्यात काढलं. त्याचं तरी काय चुकलं? पोरगी हसते म्हणून बोट परत फिरवा, असं तो कुणाला सांगणार होता? गुड्डी संध्याकाळभर रडली, जेवली नाही आणि रात्री केबिनमध्ये भिंतीकडे तोंड करून निजली. रिता तिचं मनगट धरून पडून राहिली. सकाळी डोळा लागला तेवढ्यात मनगट सुटलं होतं.

ती खालीच होती. त्यानंतर तिला तिथून हलवणं कुणाला जमलं नाही. राजकुमार रागावला, मग लाडीगोडी लावून झाली, मग त्यानं हात टेकले. "राहू दे व. उतरताना येईलच," तो म्हणाला. रिता दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. काचेतून तिला गुड्डीची पाठ दिसत होती. दार उघडलं की हसणं थांबायचं, लावलं की पुन्हा सुरू व्हायचं. तिनं आत जाऊन बसूनही पाहिलं. तेव्हा गुड्डी घुम्यासारखी तिच्याकडे पाहत बसली. जायची कधी, एवढंच तिच्या नजरेत होतं. रिताला आपल्या पोरीच्या डोळ्यांत आपण परक्या झाल्याचं दिसलं आणि ती उठून बाहेर आली.

उतरायच्या वेळी वारा सुटला. बोट धक्क्यावर आदळू लागली. बोटीवरची माणसं ओरडत होती, लवकर उतरा, लवकर उतरा. जिन्यात गर्दी झाली. वरून राजकुमार दोन्ही हातांत बॅगा घेऊन हाका मारत होता.

रितानं दार सरकवलं.

खोलीत दिवा नव्हता. खिडकीच्या काचेवर हिरवं पाणी चढत-उतरत होतं. गुड्डी मधोमध बसली होती. तिच्याभोवतीच्या गाद्या जागोजागी दबलेल्या होत्या, माणूस बसल्यावर दबतात तशा.

"गुड्डी," रिता म्हणाली. "गुड्डी, चाल घरी."

हसणं थांबलं.

पोरीनं मान वळवली नाही. तिचे कान मात्र लाल झाले. चारचौघांत आईनं ते नाव घेतलं की व्हायचे, तसेच.

"गुड्डी, चाल ना व माय."

मागून कुणीतरी रिताला ढकललं. बोट जोरात आदळली आणि तिचा तोल गेला. राजकुमारचा आवाज आता चिडलेला होता. रिताला काय करावं सुचेना. पोरीला दिलेला शब्द तेवढा तिला आठवला. नवीन मित्रांसमोर लाज वाटत असेल बिचारीला.

"ओजस्विनी," ती म्हणाली. "चाल बेटा घरी."

पोरगी लगेच उठली. शहाण्यासारखी चालत आली आणि तिनं आईचा हात धरला.

"आली मम्मी."

रिताचा जीव भांड्यात पडला. तिनं दार ओढून घेतलं आणि दोघी जिना चढू लागल्या. तीनेक पायऱ्या चढल्या असतील तेवढ्यात खाली पुन्हा हसणं सुरू झालं.

त्यात गुड्डीचं हसणं होतं.

रितानं हातात हात असलेल्या पोरीकडे पाहिलं. ती समोर बघून पायऱ्या चढत होती. रिता मागे वळली, पण वरून बोटीवरच्या एका माणसानं तिचा दंड धरून दोघींना धक्क्यावर ओढून घेतलं आणि बोट दोर सोडून खोल पाण्यात मागे सरकली.

त्यानंतर घरात सगळं चांगलं झालं. पोरगी पहाटे न उठवता उठायची. ताटातलं सगळं संपवायची. खोलीचं दार उघडं ठेवायची आणि रात्री आईच्या शेजारी येऊन निजायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, ओजस्विनी फार समजूतदार झाली. राजकुमार बाजारात दहा जणांना सांगत सुटला की क्रूझनं पोरगी सुधारली. रितानं देवाला जे जे मागितलं होतं ते सारं तिच्या बाजूला शांत श्वास घेत पडलेलं असायचं आणि ती छताकडे पाहत रडत राहायची. कुणाला काय सांगणार? पोरगी सुधारली म्हणून कोणती आई तक्रार करते? एकदा तिनं पोरीला गुदगुल्या केल्या. पोरीनं तिचे हात अलगद बाजूला केले आणि विचारलं, "काय झालं मम्मी?"

होळीआधी रितानं हट्ट धरला तेव्हा राजकुमारनं त्यांना पुन्हा तिथं नेलं. बोट नव्हती. पाणी खूप उतरलं होतं, क्रूझ बंद पडली होती, धक्क्यावर कुलूप लावलेलं फाटक होतं. रिता फाटकाशी उभी राहिली. भर दुपारचं ऊन होतं. दूरवरून, झाडांच्या काळ्या शेंड्यांमधून, मुलं खेळत असल्याचा गलका येत होता.

"गुड्डी," तिनं हाक मारली. "गुड्डी, चाल घरी."

गलका थांबला. लपाछपीत मुलं श्वास धरून गप्प बसतात, तसा.

मग पुन्हा सुरू झाला. तिनं घसा बसेपर्यंत हाका मारल्या. "आली" कुणीच म्हणालं नाही. शेवटी शेजारी उभ्या असलेल्या पोरीनं तिचा पदर तिच्या डोक्यावर नीट ओढून दिला. "चाल मम्मी, ऊन लागंल." रिता तिच्यासोबत गाडीपर्यंत गेली. दुसरं ती करणार काय होती?

वाटेत राजकुमारला फोन आला. बपेऱ्याचा एक व्यापारी, त्याची पोरगीही याच वयाची. पाणी भरल्यावर क्रूझ पुन्हा सुरू होणार म्हणे, एवढ्या मोठ्या मुलांना ते किड्स क्लब वगैरे आवडतं का, असं तो विचारत होता.

"आवडते म्हंजे? आमची त तिथून निघायलेच तयार नव्हती," राजकुमार हसत म्हणाला. मग त्यानं फोन मागच्या सीटकडे दिला. "घे, तूच सांग काकाले."

पोरीनं फोन कानाला लावला आणि पलीकडचं बोलणं संपू दिलं. तिचा दुसरा हात रिताच्या हातात होता.

"हो काका," ती म्हणाली, "तिले तिथं लय मजा येऊन राहिली."