साळूबाईंच्या कुंड्या

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. लोकांना पटवत बसायचा मला आता कंटाळा आलाय.

साल १९७३. एप्रिल महिना. गाव मिरजगाव.

आणि वेळ रात्रीची नाही. भर दुपारी तीनची.

मी, इब्राहिम, तिथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. सकाळी शाळा, तिथून दुष्काळी खडीकामावर मजुरांना खायला सुकडी वाटायला. घरी येईपर्यंत पायांचे तुकडे पडायचे. टँकर दोन दिवसांनी यायचा. माणशी एक कळशी पाणी, बस्स.

त्यात दुष्काळात तेरावा महिना... माझे घरमालक आबासाहेब एक काम घेऊन आले.

"मास्तर, हिच्या कुंड्यांचं चित्र काढून द्या."

ही म्हणजे त्यांची बायको, साळूबाई. महिन्यापूर्वी ऊन लागून गेल्या होत्या. आबासाहेब पूर्वी ओव्हरसियर होते. जिथं बदली होईल, तिथून साळूबाई एखादं नवलाचं झाड आणायच्या. लाल शिरांची पांढरी पानं. ठिपक्यांचं क्रोटन. चेंडूसारखा गोल निवडुंग. अख्ख्या गावात असली झाडं नव्हती. पाणी आटलं, तशा त्या स्वतःच्या वाट्याचं पाणी झाडांना घालू लागल्या.

"ह्यांच्यापायी जीव दिला तिनं," आबासाहेब म्हणाले. "चित्र झालं की कुंड्या उकिरड्यावर टाकतो. डोळ्याम्होरं नको मला."

नाही कसं म्हणणार? पडवीत कुंड्या मांडल्या. उजेड एकसारखा हवा, म्हणून रोज तीन ते पाच बसायचं ठरवलं. रंगांसाठी पाणी माझ्या पिण्यातलंच. एक पेला.

पहिल्या दिवशी निवडुंग रंगवला. पुन्हा ब्रश बुडवायला गेलो तर...

पेला कोरडा.

उन्हानं आटलं म्हणावं, तर इतक्या लवकर?

दुसऱ्या दिवशी क्रोटन अर्धं झालं होतं. मान वर केली. पेला रिकामा... आणि क्रोटनच्या कुंडीतली माती ओली.

मातीवर हिरवट झाक होती. माझ्या ब्रशमधला हिरवा रंग.

मला वाटलं, आबासाहेबच घालत असतील. तसं त्यांना म्हणालोही.

"मी हात न्हाई लावला, मास्तर. आन् मी घालीन व्हय त्यास्नी पाणी?"

खरं सांगतो, घाबरायचंही त्राण नव्हतं. एकदाचं उरकून टाकू, एवढंच वाटलं.

पण उरकेना. एक पान रंगवावं की पेला रिकामा. आठवडा असाच गेला. बांधावरच्या बाभळी वाळल्या होत्या, आणि या कुंड्या तरारल्या होत्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चित्र पूर्ण झालं की झाडं मरणार होती.

आणि कुणालातरी ते होऊ द्यायचं नव्हतं...

शेवटी एकच पान उरलं. लाल शिरांचं. त्या दिवशी मी पेला खाली ठेवलाच नाही. डाव्या हातात घट्ट धरला.

वारा नव्हता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एकाएकी माशांची गुणगुणही थांबली...

आणि माझ्या मनगटाभोवती बोटं आली.

दिसत काहीच नव्हतं. बोटं कोरडी होती. तापकरी माणसाची असतात तशी कढत.

त्यांनी ओढलं नाही. हिसका दिला नाही. माझा हात फक्त हळूच कलता केला... सगळं पाणी कुंडीत पडलं.

"मास्तर."

आबासाहेब दारात उभे होते. त्यांनी माझा हात आपोआप कलताना पाहिला होता.

"ती हाय का?"

मी होकारार्थी मान हलवली.

ते उंबऱ्यावर बसले.

"त्या दिशी तिनं पाणी मागितलं हुतं. घरात तांब्याभर हुतं. मी म्हनलं, झाडास्नी घातलंस न्हवं? आता टँकर येईस्तोवर थांब." त्यांनी कुंड्यांकडं पाहिलं. "टँकर आला तवा ती गेल्ती."



ते आत गेले. स्वतःच्या वाट्याचा तांब्या घेऊन आले. कुंडीवर तो धरला, पण पाणी ओतलं नाही.

"साळू, धर माझा हात."

वाट पाहिली. ऊन पडवीतून उतरलं. तांब्या कुणी कलता केला नाही. शेवटी त्यांनीच पाणी ओतलं.

"गेली वाटतं?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हणालो.

ते पान मी रंगवलंच नाही. कुंड्याही कुणी टाकल्या नाहीत. पुढे अकरा वर्षं, मरेपर्यंत, आबासाहेब रोज दुपारी तांब्या धरून तिथं थांबायचे. मी बघायचो आणि गप्प बसायचो.

कारण त्या दिवशी मी खोटं बोललो होतो.

बोटं गेली नव्हती. माझ्याच मनगटावर होती.

आणि आबासाहेबांनी तांब्या पुढं केला, तेव्हा ती घट्ट आवळली होती... एखाद्याला कुणाच्या तरी जवळ जायचं नसतं, तशी.