एका कॅल्क्युलेटरवर दोघं

दुपारी दोन वाजता माणसाने झोपावं की प्रेमात पडावं, असं मला कुणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून झोपच म्हटलं असतं. पण विचारतंय कोण!

त्या दिवशी पहाटेपासून वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना उठवून, न्हाऊ घालून, भरवून मी कॉलेजच्या लायब्ररीत पोचले, तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. बाहेर नोव्हेंबरचं धुकं इतकं दाट, की पार्किंगमध्ये उभी केलेली माझीच गाडी चार पावलांवरून दिसेना. माझा जुना कॅल्क्युलेटर आदल्या दिवशी कायमचा झोपला होता. नशीबवान मेला!

"ग्राफिंग कॅल्क्युलेटर?" काउंटरवरच्या लोर्नाबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "अगं डेल, एकच होता... आणि तो आत्ताच ह्याला दिला."

'हा' म्हणजे माझ्याच स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा हॉलिस टॅकेट. डेअऱ्यांवरून दुधाचा टँकर चालवायचा. जॅकेटला दुधाचा किंचित आंबूस वास, आणि डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. त्याने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या कॅल्क्युलेटरकडे पाहिलं, आणि तो माझ्यापुढे धरला.

"घे."

"नको. मला कुणाचे उपकार नकोत."

"उपकार कसले? अर्धा तुझा, अर्धा माझा."

"मधून कापणार आहेस का?"

"कापू की. बेरजेची बटणं तुला, वजाबाकीची मला." तो हसला. "नाहीतर... एका टेबलावर बसू. ते सोपं पडेल."

मला हसायचं नव्हतं. हसायलाही ताकद लागते. तरी हसले.

आमचं असं सुरू झालं. रोज दुपारी लायब्ररीतलं खिडकीजवळचं टेबल, मधोमध कॅल्क्युलेटर. तो आकडे वाचायचा, मी यादीत भरायची. कधी आमची बोटं एकाच बटणावर जायची, आणि आम्ही दोघंही ती एकदम मागे घ्यायचो... जसं काही ते बटण तापलेलं होतं.

एकदा मी आकडे भरता भरता तिथेच डोकं टेकून झोपले. जाग आली तर समोर हॉलिस, गालात हसत.

"काय झालं?"

"तुझ्या गालावर एंटर उमटलंय."

मी गाल चोळला. "गेलं?"

"नाही अजून. दाबून बघू?"

"हात तोडून ठेवीन."

"मग राहू दे," तो म्हणाला, आणि आपलं सँडविच अर्धं करून माझ्यासमोर सरकवलं. त्याला आमच्या पोर्तुगीज घरांतलं लसूण घातलेलं लिंग्विसा सॉसेज आवडायचं, आणि हे तो खास माझ्या मामाच्या दुकानातून आणायचा. मी ते ओळखलंय, हे त्याला कळू दिलं नाही.

पण माझी खरी भीती त्याला ठाऊक होती. स्टॅटिस्टिक्समध्ये मी दोनदा नापास झालेली. आमच्या कॉलेजात तिसऱ्यांदा गेलं की चौथ्यांदा बसू देत नाहीत, आणि ह्या विषयात 'सी' नसेल तर नर्सिंगला प्रवेश नाही. म्हणजे मग जन्मभर आजोबांना उचलून खुर्चीत बसवायचं, खुर्चीतून पलंगावर. आजोबांवर माझा राग नाही. पण माझ्या कमरेचा आहे.

"गेल्या वेळी कशानं नापास झालीस?" त्याने विचारलं.

"बऱ्याच गोष्टींनी. त्यातली एक ही." मी कॅल्क्युलेटरमधली आज्ञांची लांबलचक यादी उघडली आणि 'डी'पर्यंत खाली गेले. "परीक्षेआधी सर सगळ्यांचे कॅल्क्युलेटर पुसून कोरे करतात. कोरा झाला की हा दोन गोष्टींमधलं नातं किती घट्ट आहे तो आकडा दाखवतच नाही. डायग्नॉस्टिक मुद्दाम चालू करावं लागतं. मला ठाऊकच नव्हतं. अख्खा तास स्क्रीनकडे बघत बसले."

"म्हणजे नातं असतं, पण हा बोलत नाही."

"पुरुषच मेला!"

"सगळेच पुरुष तसे?"

"सगळे."

"किती जणांवरून म्हणतेस?"

लग्न ठरलं होतं माझं, एकदा. हॉल ठरला होता, लग्नाच्या जेवणातल्या गोड पावाची ऑर्डर गेली होती. आणि माझा होणारा नवरा रुइ न बोलता ओरेगॉनला निघून गेला होता.

"एकावरून," मी म्हटलं.

"दहापैकी किती देशील त्याला?"

"एक. तोही नाचायचा बरा म्हणून."

हॉलिसने यादीत एक आकडा भरला आणि उत्तर मागितलं. सरासरी आली. पण नमुन्याचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे एकमेकांपासून किती विखुरलेत ते, जिथे यायचं, तिथे जागा रिकामी.

"बघ," तो म्हणाला. "एकावरून बाकीच्यांचं काही सांगता येत नाही असं हाच म्हणतोय. निदान दुसरा तरी हवा."

"दुसरा कुठून आणू?"

त्याने मुद्दाम सगळी लायब्ररी न्याहाळली. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "मी... रिकामाच बसलोय."

मी पुस्तक उघडलं, तेही उलटं धरून.

डिसेंबर आला. परीक्षेला एकाच कॅल्क्युलेटरवर दोघं बसू शकत नव्हतो. सरांचा नियमच होता, शेजाऱ्याकडून काही घ्यायचं नाही. मी आदल्या दिवशी विषय काढला, तर हॉलिस सहज म्हणाला, "हा तुझ्याकडेच ठेव. मला मावसभावाचा मिळालाय."

"नक्की?"

"नक्की गं. झोप काढ जरा."

मी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर शंका घेण्याइतकी जागीच नव्हते.

परीक्षेच्या दिवशी काल्फायान सरांनी दारातच एकेकाचा कॅल्क्युलेटर कोरा केला. मी जागेवर बसल्याबरोबर आधी डायग्नॉस्टिक चालू केलं आणि पेपर ओढला. कधी नव्हे ते प्रश्न ओळखीचे वाटले. एक मोठा प्रश्न सोडून बाकीचा पेपर झाल्यावर मान मोडायला वर पाहिलं... आणि पलीकडच्या रांगेत हॉलिस दिसला.

त्याच्यासमोर किराणा दुकानात मिळतो तसला, बेरीज-वजाबाकीचा कॅल्क्युलेटर होता. तो एकेक आकडा सरासरीतून वजा करत होता, वर्ग काढत होता, कागदावर मांडत होता. कपाळावर घाम. मावसभाव नव्हताच कुणी!

मला आधी राग आला. मग रडू आलं. मग पुन्हा राग. माझा शेवटचा मोठा प्रश्न राहिला होता, आणि तो यंत्राशिवाय सुटण्यासारखा नव्हता. सोडला तर 'सी' हुकण्याची पुरेपूर शक्यता. मला नापास व्हायचं नव्हतं. देवाशप्पथ, मला त्या आजोबांना जन्मभर उचलायचं नव्हतं. पण त्या माणसाला तसा घाम गाळताना बघत बसणंही मला जमेना.

मी उठले, आणि पेपर व कॅल्क्युलेटर दोन्ही सरांच्या टेबलावर ठेवले.

"सर, माझं झालं. हा पुसून टॅकेटला द्या. लायब्ररीचाच आहे."

सरांनी माझ्या पेपरवर नजर टाकली. "शेवटचा प्रश्न कोरा दिसतोय, मिस मचाडो."

"दिसू दे."

"परत मागता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय, सर."

त्यांनी माझ्यासमोर तो कोरा केला आणि नेऊन हॉलिसच्या बाकावर ठेवला. हॉलिसने मान वर केली. इतका वेळ माझ्याकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी डोळ्यांनीच दटावलं, लिही!

तो भराभरा लिहायला लागला. आणि मग थांबला. स्क्रीनकडे बघत राहिला, बटणं दाबत राहिला. मला लगेच कळलं. डायग्नॉस्टिक! ते नेहमी मीच चालू करून ठेवलेलं असायचं, त्याने कधी हात लावला नव्हता. मी परत जागेवर बसून ओठ चावत होते, आणि एक शब्द बोलू शकत नव्हते. शेवटी त्याने आलेख काढला, ठिपके निरखले, आणि काहीतरी लिहून टाकलं.

बाहेर धुक्यात मी त्याला गाठलं. "खोटारड्या!"

"तू शेवटचा प्रश्न सोडलास," तो पांढराफटक पडला होता. "डेल, तुझी शेवटची संधी होती. मला अजून दोनदा बसता येतं. म्हणून तर मी... तू हे काय करून बसलीस?"

"मला विचारलंस? माझ्या वतीनं तू कोण ठरवणार?"

"कुणीच नाही," तो म्हणाला. "अजून."

मी पाठ फिरवून गाडी शोधायला गेले. ती सापडायला खूप वेळ लागला, आणि तोवर मी मनसोक्त रडून घेतलं.

निकाल आठवड्याने लागला. वृद्धाश्रमाच्या पायऱ्यांवर बसून मी फोन उघडला. 'सी'. जेमतेम, काठावरचा, पण 'सी'! मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. समोर टँकर थांबला होता. हॉलिस खाली उतरला, माझा चेहरा बघूनच समजला, आणि असा हसला की जणू तोच नर्स होणार होता.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी? डी. म्हणजे गेलो." त्याने खांदे उडवले. "हातानं आकडेमोड करण्यातच वेळ गेला. जानेवारीत पुन्हा बसतो."

तो शेजारी पायरीवर टेकला. दोघांच्याही अंगात काही उरलं नव्हतं.

"दुपारी लायब्ररीत मीही येईन," मी म्हटलं.

"वेडी का काय? तुझा सुटलाय विषय. नर्सिंगचा अभ्यास, ही ड्युटी... दमून जाशील."

"जाईनच." मी त्याचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच, आणि मागे घेतला नाही. "तू मला आवडतोस, हॉलिस. दमायचं तर आहेच जन्मभर... मग तुझ्या शेजारी बसून दमते."