ओलाईची जागा

मोबाइल खाली ठेवा सगळ्यांनी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे कुणी फिदीफिदी केलं तर मी सरळ उठून झोपायला जाईन. ही गोष्ट ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरली तो फरशीवाला माझ्याच शेजारचा. सगळे त्याला टकटक्या म्हणतात. का, तर फरशी बसवली की थापीच्या दांड्याने टकटक वाजवून कान लावायचा. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर काढून पुन्हा. ताटात पोळी वाढली तरी आधी ताट वाजवून बघेल, असं त्याची बायको म्हणते.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, दुसरा शुक्रवार. रात्री साडेनऊला त्याला फोन आला. चौकात पाण्याचे पंप विकतो ना, त्या पंपवाल्याचा. त्याची आई हॉस्पिटलात होती. डॉक्टरांनी हात टेकले होते, घरी न्या म्हणाले होते. सकाळी आणायची होती.

"तिच्या खोलीत एक फरशी राहिलीय," पंपवाला म्हणाला, "आज रात्रीच बसवून टाक. उद्या माणसं येतील बघायला."

टकटक्याला वाटलं, तडकली असेल एखादी. पिशवी घेतली, सायकलवर टांग मारली आणि गेला.

तडकलीबिडकली काही नव्हती. पंपवाल्याने बोट दाखवलं ते पलंगाशेजारच्या ओलाईच्या जागेकडे.

तुम्ही फ्लॅटात वाढलेली पोरं, तुम्हाला ओलाई कुठून ठाऊक असणार. माती तिची, आणि मातीतली ओल म्हणजे ती स्वतः. घर बांधताना हातभर चौकोन तिच्यासाठी उघडा सोडायचा. रोज सकाळी ओंजळभर पाणी घालायचं. आणि माणूस जायला लागलं की त्याचे तळपाय त्या मातीवर टेकवायचे. ती पाय ओळखते, मग नेते. ज्याचे टेकले नाहीत तो उंबऱ्यावरच राहतो, ना आत ना बाहेर.

ते घर आठ वर्षांपूर्वी टकटक्यानेच केलं होतं. तेव्हा ही म्हातारी त्या कोपऱ्यात खुर्ची टाकून ठाण मांडून बसायची. म्हणाली होती, "इथे थापी लावलीस तर थापीसकट हात मोडीन. मला इथूनच जायचंय." आणि टकटक्या हसून म्हणाला होता, "माई, माझ्या हातून ही जागा झाकली जाणार नाही. शब्द देतो."

आता त्याने विचारलं, "माईंना विचारलंत?"

"तिला आता काय कळतंय? मुंग्या होतात, भिंतीला ओल चढते. चार लोक येणार, त्यांना पलंगाशेजारी चिखल दाखवू? तू फरशी बसव, प्रवचन नको."

टकटक्याच्या अंगाचा तिळपापड झाला. माझाही होतोय, आत्ता, सांगताना. जिने हाताचा पाळणा करून वाढवला, तिच्या पायाखालची एवढीशी माती या गृहस्थाला जड झाली. पण टकटक्या भांडला नाही. पिशवीतून थापी काढली. राग आवरावा म्हणतात. कशाला आवरावा? त्या रात्री तो भांडला असता तर पुढचं काही झालंच नसतं.

त्याने मातीत हात घातला. म्हातारी दहा दिवस घरात नव्हती, कुणी थेंबभर पाणी घातलं नव्हतं, तरी माती थंडगार ओली. त्याने सिमेंटचा माल कालवला, पसरला, फरशी ठेवली. दांड्याने वाजवली.

पोकळ.

काढली. आणखी माल भरला. दाबून बसवली. तरी पोकळ. त्याच्या हातून असं कधी होत नसे. मग गुडघा टेकवून सगळा भार दिला आणि वाजवलं. टक टक.

खालून... टक टक.

त्याचा हात वरच्या वर राहिला. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. त्याने दांडा खाली ठेवला. मुद्दाम, लांब ठेवला.

टक टक टक.

"झालं का रे? किती ठोकतोस?" पंपवाला बाहेरून म्हणाला.

"मी..."

"काय?"

"मी ठोकत नाहीये."

पंपवाला आत आला. आता ती टकटक राहिली नव्हती. धक्के होते. रागाचे. बाहेरून कडी लावलेल्या दारावर आतून मुठी माराव्यात तसे. मग शेजारची फरशी. तिच्या शेजारची. आवाज चालत आला... पंपवाल्याच्या पायांपर्यंत. त्याने एक पाय उचलला. दुसऱ्याखाली धक्का. तो पलंगावर चढला. आईच्या पलंगावर.

"थांबव... ते थांबव..."

टकटक्याने छिन्नी घातली. फरशी उचकटली.

सगळं थांबलं.

खाली माल नव्हता. घमेलंभर भरला होता, कणभर नव्हता. नुसती काळी माती. मातीत दोन पावलं. लहान. टाचा पलंगाकडे...



पंपवाल्याचा फोन वाजला. पलंगावरूनच घाईने उचलताना स्पीकर लागला. हॉस्पिटलातली सिस्टर होती. "आई गेल्या, आत्ताच," ती म्हणाली. मग जरा घुटमळली. "एक विचारायचं होतं. त्या गेले दहा दिवस पलंगावरून उतरलेल्याच नाहीत. मग त्यांच्या तळपायांना एवढा चिखल... कुठला?"

टकटक्याने फरशी पिशवीत घातली आणि निघून आला. त्या घराची पायरी तो पुन्हा चढला नाही.

पंपवाला हल्ली रोज सकाळी त्या जागेत पाणी घालतो. प्रेमाने नाही, भीतीने. त्यालाही कधीतरी जायचंय, आणि पाय टेकवायला त्या घरात तेवढीच जागा आहे. ओंजळीने भागेना म्हणून बादली घेतली, बादलीने भागेना म्हणून दुकानातला पंप आणून लावला. पाणी कुठे जातं कोण जाणे. माती ठणठणीत कोरडी, फुंकर मारली की धूळ उडते. मी रागाच्या भरात वाढवून सांगतोय असं वाटत असेल तुम्हाला. मी स्वतः जाऊन हात लावून आलोय.

फक्त ती दोन पावलं... तेवढी ओली आहेत. अजून.