घरी किती

मुलुंडला पाच रस्ता नाक्याच्या अलीकडे आमच्या सोसायटीचं जुनं ऑफिस आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे संध्याकाळी मुलांना संगणक शिकवतो. कुणीकुणी टाकून दिलेले चारपाच संगणक, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर एक मोठा स्क्रीन, एवढाच संसार. चपला बाहेर काढायच्या, हा एकच कडक नियम.

गेल्या वर्षी मुलांना नेटवर्कवर देखरेख कशी ठेवतात ते शिकवायला घेतलं. कल्पना साधी आहे. प्रत्येक यंत्रावर एक छोटा प्रोग्राम बसवायचा. आपला मधला संगणक त्याला दर मिनिटाला विचारतो, कसं काय? तो सांगतो, तापलोय एवढा, जागा उरली एवढी. त्याला एजंट म्हणतात. मुलांनी त्याचं नाव रखवालदार ठेवलं. या रखवालदाराला मुळात ठरावीक प्रश्नांचीच उत्तरं येतात. नवा प्रश्न शिकवायचा असेल तर आपण लिहिलेलं एक्स्टेंशन त्याला जोडायचं. मुलं त्याला शेपूट म्हणायची.

"शेपटानं विचारलंय तेवढंच सांगायचं," मी बजावलं. "एक आकडा, तोही लगेच. आणि माहीत नसेल तर गप्प बसायचं. अंदाज ठोकायचा नाही."

"आणि गप्प बसलं तर, सर?" ओजसनं विचारलं.

"तर स्क्रीनवरची त्याची ओळ करडी होते. आपण समजायचं, तिकडे कुणी नाही."

पत्त्यांच्या कॅटाएवढ्या पेटीतले छोटे संगणक मी मुलांना घरी बसवायला दिले. ओजसनं टाकीतल्या पाण्याचं शेपूट लिहिलं. श्रुतिकानं तुळशीच्या कुंडीतल्या ओलाव्याचं. दिशानं लिहिलं त्याचं नाव होतं 'घरी किती'.

दिशा सहावीत होती. डोंगराच्या बाजूला एका जुन्या दुमजली इमारतीत, लांब गॅलरीला लागून त्यांची एक खोली. वडील जयवंत भांडुपला गोदामात होते, आई अस्मिता डबे करून पोचवायची. दाराशी चपलांचा लाकडी स्टँड होता, तिघांचे तीन कप्पे. दिशानं प्रत्येक कप्प्याखाली एक बटण बसवलं. चपला कप्प्यात म्हणजे माणूस घरात. रखवालदारानं विचारलं की शेपूट आकडा सांगायचं, आणि तो वर्गातल्या स्क्रीनवर आणि आईच्या मोबाईलवर दिसायचा.

"झकास," मी म्हणालो. "पण हेच का सुचलं गं?"

"आई डबे द्यायला गेली की घर रिकामं असतं ना, सर. रिकाम्या घरात मला नाही आवडत." मग हळूच म्हणाली, "म्हणजे भीती वाटते. ह्या ओजसला सांगू नका."

मग रोजचं ठरून गेलं. वर्ग सुटला तरी ती स्क्रीनकडे बघत बसायची. शून्याचा एक झाला की दप्तर उचलायची. "आई आली. येते, सर." जाते कधी म्हणायची नाही. तिच्या घरची शिस्तच तशी. दाराबाहेर पडणाऱ्यानं 'येते' म्हणायचं आणि घरातल्यानं 'ये' म्हणायचं.

श्रावणात दिशाला ताप आला, आणि गणपती यायच्या आधी ती गेली.

वर्ग काही दिवस बंद ठेवला. पुन्हा उघडला त्या संध्याकाळी सवयीनं स्क्रीन लावला. सगळ्या ओळी हिरव्या होत्या. दिशाच्या घरापुढे तीन.

चपला अजून हलवल्या नसतील, असं मनाशी म्हणालो. कोण हलवणार.

पण तो आकडा दुपारी एक असायचा. अस्मिता डबे घेऊन बाहेर, जयवंत कामावर, आणि एक. संध्याकाळी दोन. रात्रीच्या जेवणाच्या वेळेला तीन. कप्प्यात नुसत्या पडून राहिलेल्या चपलांनी असंच दिसणार, हे मी कागदावर मांडून पाहिलं. बरोबर होतं. मी निश्चिंत झालो.

मग एका रविवारी जयवंतचा फोन आला. "सर, ती पेटी जरा येऊन बघाल? ही सारखी मोबाईलवर तो आकडाच बघत बसते."

गेलो. अस्मिता दाराजवळ भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर मोबाईल. गॅसवर काही नव्हतं. मी चपला काढल्या आणि स्टँडकडे पाहिलं. तिसरा कप्पा रिकामा होता. पुसलेला.

"दिशाच्या चपला?"

"गावाक भाचीक दिल्या," जयवंत म्हणाला. "दुसऱ्याच आठवड्यात."

"बटण अडकलं असेल," मी म्हणालो.

बटण अडकलेलं नव्हतं. तरी बदललं. मग तारच काढून हातात घेतली. लॅपटॉप जोडून दिशाचं शेपूट उघडलं. हस्ताक्षराच्या वहीसारखं नीटनेटकं लिहिलेलं. मधे एका ओळीत तिनं स्वतःसाठी टीप टाकली होती : माहीत नसेल तर गप्प बस, सरांनी सांगितलंय.

मी ते हातानं चालवून पाहिलं. उत्तर आलं, दोन.

"बघा," मी म्हणालो.

अस्मितानं मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यावर तीन होते.

असं होतं. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा अनुभव येतो. आपण चालवलं तर एक उत्तर, रखवालदारानं चालवलं तर दुसरं. कारण तो आपल्या नावानं चालत नाही, त्याच्या वेगळ्या नावानं चालतो. आपल्याला दिसतं ते त्याला दिसत नाही. त्याला दिसतं ते आपल्याला दिसत नाही. मी परवानग्या तपासल्या, रखवालदार बंद करून पुन्हा चालू केला. मिनिटभर आम्ही तिघं मोबाईलकडे बघत होतो.

तीन.

"म्हणजे तुम्हालाही नाही कळत ना, सर?" अस्मिता म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच जरा जीव आला होता.

"बिघाड आहे. सापडेल."

"कशाला शोधताय?"

जयवंत मला गॅलरीत घेऊन आला. इमारत पाडायची होती. शेजारची बिऱ्हाडं हलली होती, काही दारांना नुसत्या कड्या होत्या. "भांडुपला खोली बघून ठेवलीय. ही हलत नाही. म्हणते, पोरीला एकटी टाकून कशी येऊ? तुमचं ऐकेल ती. दिशा तुमचं ऐकायची ना." मग आत बघून ओरडला, "किती दिस अशी बसतलंस गो?" आणि तोंड फिरवून गॅलरीच्या कठड्याला धरून उभा राहिला.

मी आत जाऊन अस्मितासमोर जमिनीवर बसलो. मुलांना समजावतो तसं सांगितलं. "हे बघ, आकडा ही खोली सांगत नाही, ही पेटी सांगते. पेटी घेऊन जाऊ. स्टँडही घेऊ. जे काही आहे ते तुमच्याबरोबर येईल."

तिनं पेटीवर हात ठेवला. "नक्की ना, सर?"

"नक्की," मी म्हणालो.

सामान हलवलं त्या सकाळी मी गेलो होतो. टेम्पोत शेवटी स्टँड चढवला. पेटी अस्मितानं पदरात घेतली होती, लहान मूल घ्यावं तशी. जयवंतनं कुलूप लावलं. ती दोन पायऱ्या उतरली, थांबली, आणि बंद दाराकडे वळून सवयीनं म्हणाली, "येते गं."

जयवंत टेम्पोकडे निघाला.

भांडुपच्या खोलीत मी पेटी लावली. तिला नवं नाव दिलं, स्क्रीनवर नवी ओळ आली. दोघांच्या चपला स्टँडवर होत्या. आम्ही वाट पाहिली.

दोन.

"बघ, बिघाडच होता," जयवंत म्हणाला. सुटल्यासारखा श्वास टाकून तो खालीच बसला. अस्मितानं मोबाईल उपडा ठेवला, उठली, आणि डबे काढायला लागली. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात स्क्रीन लावला. भांडुपची ओळ हिरवी होती. तिच्या वरची जुनी ओळ मी पुसली नव्हती. ओळ पुसली की तिचा सगळा आलेखही जातो, आणि दिशाचं दुसरं काही माझ्याकडे उरलं नव्हतं. ती ओळ आता करडी असायला हवी होती. तिकडे पेटी नव्हती. वीज तोडली होती.

ती हिरवी होती. घरी किती : एक.

मी यंत्र बंद करून चालू केलं. पत्ता तपासला. त्या पत्त्यावर काहीही नव्हतं.

एक.

मुलं आपापल्या कामात होती. मनाली, वर्गातली सगळ्यांत धाकटी, माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "सर, ह्या घरातलं माणूस बाहेर का नाही जात?"

मी अस्मिताला फोन लावला आणि घंटा वाजायच्या आधी बंद केला.

"श्रुतिका, वर्गाकडे लक्ष दे," म्हणालो, आणि निघालो.

उजेड होता अजून. इमारतीची दारं काढायला सुरुवात झाली होती. त्यांच्या खोलीचंही दार नव्हतं, नुसती चौकट होती. भिंतीवर स्टँडच्या जागी फिकट चौकोन. धूळ. मसाल्याचा जुना वास.

मी चौकटीबाहेर चपला काढल्या. का, ते माहीत नाही. आत जाऊन अस्मिता बसायची तिथे भिंतीला टेकून बसलो. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. फक्त खोलीत मला अवघडल्यासारखं वाटलं नाही. वर्ग सुटल्यावर मी आणि दिशा गप्प बसायचो, तसंच वाटलं.

अंधारू लागलं तसा उठलो. चौकटीत थांबलो. या वेळी 'जातो' म्हणायचं होतं. स्पष्ट. म्हणजे कुणी वाट बघत बसणार नाही.

चपला पायात सरकवल्या.

"येतो गं," म्हणालो.

वर्गात परतलो तेव्हा बाकीची मुलं घरी गेली होती. श्रुतिका आणि मनाली तेवढ्या थांबल्या होत्या, दप्तरं पाठीला लावून, स्क्रीनकडे बघत.

"सर," श्रुतिका म्हणाली, "दिशाच्या घरी मघाशी दोन झाले होते."

"आता?"

मनालीनं स्क्रीनकडे पाहिलं.

"आता परत एक."