सातवी जागा

मला नीट सांगता येत नाही. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, आणि चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरतो. पण त्या रविवारी घडलं ते जसंच्या तसं सांगतो.

सोमवारी सकाळी साडेसातच्या घंटेला मला वारलुना या मेंढ्यांच्या मोठ्या फार्मवर, तिथल्या शेडमध्ये मेंढ्या कातरायला उभं राहायचं होतं. तीन वर्षं मी नुसती लोकर झाडत होतो. कातरणारा म्हणून ही माझी पहिलीच जागा. घंटेला जो हजर नसेल त्याची जागा दुसऱ्याला जाते. आणि शनिवारी आमच्या पिकअपचा गिअरबॉक्स गेला.

"सायकलनं जातो," मी म्हणालो.

"एकशे दहा किलोमीटर? या उन्हात?" माझी बहीण टेस हसत सुटली. "मग ते केस तरी काप, डार्सी. कुणी मेंढी समजून तुलाच कातरायचं!"

उजाडताच निघालो. लाल रस्ता अजून गार होता. गुलाबी काकाकुवांचा थवा डोक्यावरून कलकलत गेला. एक एमू बराच वेळ माझ्याबरोबर धावला, जणू पैजच लागली होती. मला फार आनंद झाला होता. माझी जागा, माझं कातरायचं यंत्र.

दहाला समोरून वारा सुटला. भट्टीचं दार उघडल्यासारखा. बारा वाजले तेव्हा पन्नास किलोमीटर उरले होते आणि दीड लिटर पाणी. मी चालण्याच्या वेगानं पॅडल मारत होतो. एवढ्या पाण्यावर पोचणं शक्य नाही, जागा गेली, असं मनात आलं आणि डोळे भरले.

तेवढ्यात वारा पडला.

म्हणजे माझ्यापुरताच पडला. दोन्ही बाजूंची झुडपं अजून वाकत होती, धूळ उडत होती. माझ्या तोंडावर मात्र काहीच नाही. मी खाली पाहिलं. माझ्या चाकापुढे हातभर अंतरावर, मऊ धुळीत, सायकलच्या टायरचा माग उमटत होता. उमटतच चालला होता. पुढे कुणीच नव्हतं. फक्त लोकरीच्या तुपकट मळाचा वास येत होता...

भीती वाटली. पण पाय थांबेनात. त्या आडोशाला सायकल अशी पळायला लागली की मला हसूच फुटलं. किती तरी वेळ आम्ही तसेच गेलो.

मग तो माग डावीकडे सरकला, आणि वारा पुन्हा माझ्या छातीवर आदळला. मला कळलं. वाऱ्याविरुद्ध दोघं असले की आळीपाळीनं पुढे व्हायचं असतं. माझी पाळी आली होती.

अनोळखी माणसाशी मी कधी आपणहून बोललो नाही. तेव्हा बोललो.

"या... मागे या. आता मी ओढतो."

मागे जुन्या साखळीची करकर सुरू झाली. मी वळून पाहिलं नाही. गाणी म्हटली, येतील तेवढी सगळी, मोठ्यानं.

चारच्या सुमाराला वारलुनाचं फाटक आलं. मी आत गेलो आणि सवयीनं ते उघडं धरून उभा राहिलो. मागचा आत येईपर्यंत फाटक सोडायचं नसतं. करकर माझ्या शेजारून आत गेली. दंडाला काहीतरी ऊनऊन लागलं.

स्वयंपाकघराच्या दारात तिथल्या स्वयंपाकीण मर्लबाई बटाटे सोलत होत्या.

"एकटाच आलास?"

"हो... म्हणजे..." मी सगळं सांगितलं.

त्यांची सुरी थांबली. "फाटक लगेच लावलंस ना?"

"नाही. धरून ठेवलं. ते मागून येत होते ना."

त्या बाकावर बसल्या. "माझ्या आजोबांच्या वेळी कातरणारे सायकलीवरूनच यायचे. एक जण त्या फाटकाशीच कोसळला. आत घंटा वाजत होती, म्हणे. सातवी जागा त्याची. ती पुढे कुणालाच दिली नाही." मग डोळे पुसून हसल्या. "इतक्या वर्षांत त्याच्यासाठी फाटक कुणी धरलं नव्हतं रे पोरा."

सोमवारी घंटा वाजली तेव्हा मी माझ्या जागेवर होतो. आम्ही सहा जण. तासाभरानं मुकादम पेनरोझ ओरडला, "सातव्या खणात ही कुणाची?"

कातरलेल्या मेंढ्या सोडायला प्रत्येक जागेला आपापला खण असतो. रिकाम्या सातव्या जागेच्या खणात एक मेंढी उभी होती, स्वच्छ कातरलेली. अंगावर यंत्राच्या नाही, हातकात्रीच्या रेघा.

"चावटपणा कोणाचा हा?"

"आम्हाला हातकात्री धरता तरी येते का, मुकादम?" माझ्या शेजारचा म्हणाला, आणि सगळे हसले. दुपारपर्यंत त्या खणात अकरा झाल्या. एकीलाही ओरखडा नव्हता. मी मान खाली घालून कातरत राहिलो, पण आतून इतका खूश होतो!

जेवणानंतर लोकरीच्या ढिगाला टेकून माझा डोळा लागला. जाग आली ती मान गार लागली म्हणून. हात फिरवला. केस नव्हते. ते शेजारी फळीवर पसरले होते, उत्तम कातरणारा लोकर उतरवतो तसे, एका अखंड तुकड्यात.

टेस आठवली आणि मला हसूच आलं.

मग लक्षात आलं, शेड रिकामी आहे... आणि कात्री अजून माझ्या कानामागे वाजते आहे.