सतराव्या नंबरची हजेरी

"सोळा?"

"हजर," झिपरी म्हणाली आणि तिने शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. पुढचा नंबर सतरा होता.

गावच्या रग्बी संघाला ओरडून साथ द्यायला परगावच्या सामन्यांना जाणाऱ्या या बसमध्ये प्रत्येकाची सीट ठरलेली, नंबरही ठरलेला. निघण्याआधी पोस्टमनकाका तोंडपाठ हजेरी घेत. सतरा नंबर झिपरीच्या आजोबांचा. आपली पाळी आली की आजोबा बोलायचे नाहीत, काठी तीनदा खाली आपटायचे. मागच्या हंगामात ते गेले. तेव्हापासून त्यांची सीट रिकामी ठेवायची, आणि सतरा म्हटलं की ड्रायव्हरमामांनी इंजिन बंद करायचं, बाकीच्यांनी दहा मोजेपर्यंत चिडीचूप राहायचं, असा नेमच पडला होता.

"सतरा?"

इंजिन थांबलं. ढोल थांबला. सामना संपून बाहेर मैदान ओस पडलं होतं, गोलाचे दोन उंच खांब तेवढे उभे होते.

ठक. ठक. ठक.

झिपरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. मागच्या सीटवरून तिचा मावसभाऊ ढब्बू कुजबुजला, "मी नाही केलं. देवाशप्पथ."

"बाबा," आई एवढंच म्हणाली आणि तिने तोंडाला पदर लावला. सगळ्या बसचे डोळे पाणावले. पोस्टमनकाकांनी पुढचे आकडे कसेबसे उरकले.

"तेवीस?"

"आहे, आहे. टेलर मागे असेल," कंपाउंडरकाका डोळे पुसत म्हणाले.

बस निघाली. कोणीतरी आजोबांच्या आवडीचं गाणं सुरू केलं आणि सगळे हरल्याचं दुःख विसरून घसा फाडून गाऊ लागले.

"मी इथून उठतोय," ढब्बू म्हणाला. "त्या सीटवरून गार वारा येतोय."

"खिडकी उघडी आहे, शहाण्या."

पण झिपरीही घाबरली होती. घाबरली होती आणि खूशही झाली होती. आजोबांच्या सीटकडे वाकून ती हळूच म्हणाली, "तीन गुणांनी हरलो हो. शेवटच्या मिनिटाला आपल्याच गड्याच्या हातून बॉल निसटला."

ठक.

या वेळी आवाज तिच्या तळपायाला लागला. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकदा, हळू.

आजोबांची काठी वरून आपटायची. हे तर खालून येत होतं. आणि आजोबा ठोकताना कधी थकत नसत. झिपरीच्या डोक्यात हे लख्ख आलं, तरी ती तशीच बसून राहिली. आणखी थोडा वेळ ते आजोबाच असू देत, असं तिला फार वाटत होतं.

गाणं संपलं. तिने जमिनीला कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. तिने मान वळवून मागे पाहिलं. कंपाउंडरकाकांच्या शेजारची तेवीस नंबरची सीट रिकामी होती.

"ढब्बू, टेलरकाका कुठे आहेत?"

"मघाशी मोठा झेंडा सीटांखालच्या डिकीत ठेवायला गेले होते ना?"

"आणि परत आले?"

ढब्बूचा चेहरा पांढराफटक पडला.

"गाडी थांबवा!" झिपरी जिवाच्या आकांताने ओरडली. "टेलरकाका डिकीत आहेत!"

ब्रेक करकरले. ड्रायव्हरमामांनी धावत जाऊन डिकीचं दार उघडलं. आत झेंड्याच्या गुंडाळ्यात टेलरकाका घामाने निथळत, लालबुंद होऊन पडले होते. हातात बूट होता. ठोकायचं त्राण मात्र उरलं नव्हतं. चौघांनी त्यांना उचलून झाडाखाली आणलं, पाणी पाजलं. बऱ्याच वेळाने त्यांच्या तोंडून शब्द फुटला.

"चुण्या पडू नयेत म्हणून नीट घडी घालायला आत शिरलो होतो."

"मी न वाकताच दार लावलं," ड्रायव्हरमामा कपाळावर हात मारत म्हणाले.

"आणि मी न बघताच 'आहे' म्हणालो," कंपाउंडरकाकांनी टेलरकाकांची नाडी धरली होती. "अजून पंधरा मिनिटं गेली असती, तर काही खरं नव्हतं."

पोस्टमनकाकांनी झिपरीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास, पोरी. एक जिवंत माणूस ठोकत होता आणि आम्ही म्हातारी माणसं रडत बसलो. तुझं एकटीचं डोकं ठिकाणावर होतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झिपरीला मात्र मान वर करवेना. आई बसच्या पायरीवर बसली होती. झिपरी जाऊन तिच्याजवळ उभी राहिली.

"आई, ते आजोबा नव्हते."

"कळलं गं."

"मला आधीच कळलं होतं. तरी मी गप्प बसले."

"किती वेळ?"

"गाणं संपेपर्यंत."

आईने तिला जवळ ओढलं. "मी तर घरी पोचेपर्यंत गप्प बसले असते," ती म्हणाली, आणि आजोबा गेल्यापासून पहिल्यांदाच दोघी मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.